ग्राफिक्स कार्ड आहे, तरी एक्स्पोर्टला रात्र का लागते?

व्हिडिओ एन्कोड होताना संगणक चार कामे करत असतो. कॅमेऱ्याने दाबून साठवलेली फाइल उलगडून तिच्यातली एकेक फ्रेम मोकळी करायची, हे डीकोडिंग. त्या फ्रेमवर रंग, आकार, लोगो, टायटल चढवायचे. मग ती पुन्हा दाबायची, हे एन्कोडिंग. शेवटी आवाजासह सगळे डिस्कवर लिहायचे. आजच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांवर पहिल्या आणि तिसऱ्या कामासाठी स्वतंत्र सर्किटे असतात. ती गेम खेळवत नाहीत, रंगही चढवत नाहीत. उलगडणे आणि दाबणे एवढेच त्यांना येते. पहिले काम प्रोसेसरकडून काढून या सर्किटाकडे सोपवले की त्याला हार्डवेअर डीकोडिंग म्हणतात.

तळोज्यात सिडकोच्या वसाहतींमधून घरबसल्या लग्नाचे मिक्सिंग करणारे, यूट्यूब चॅनेल चालवणारे आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांचे सीसीटीव्ही सांभाळणारे असे तिन्ही प्रकारचे लोक या प्रश्नाशी झगडतात. तक्रार एकच असते: कार्ड घेतले, सेटिंग चालू केले, वेळ मात्र तेवढाच. दोष बहुधा कार्डाचा नसतो. अडलेले काम भलतेच असते आणि वेग दिलेला असतो दुसऱ्याच कामाला.

फायदा कधी होतो आणि कधी नाही

चारही कामे एकमेकांना जोडून चालतात. त्यामुळे सगळ्यात हळू कामाचा जो वेग, तोच पूर्ण एक्स्पोर्टचा वेग.

समजा, एक्स२६५ हा सॉफ्टवेअर एन्कोडर ‘स्लो’ प्रीसेटवर लावला आहे आणि सगळे मिळून सेकंदाला ६ फ्रेम निघत आहेत. हाच प्रोसेसर नुसते डीकोडिंग केले तर सेकंदाला १०० फ्रेम उलगडू शकतो. म्हणजे प्रत्येक फ्रेममागे लागणाऱ्या वेळातला जेमतेम ६ टक्के वाटा डीकोडिंगचा. तो पूर्ण कार्डावर ढकलला तरी ६ चे ६.४ होतील. रात्रभराचे काम रात्रभरच चालेल.

आता एन्कोडिंगही कार्डावर, म्हणजे एनव्हिडियाच्या एनव्हेंक, इंटेलच्या क्विक सिंक किंवा एएमडीच्या एन्कोडरवर नेले असे धरा. एन्कोडर सेकंदाला १५० फ्रेम घेऊ शकतो, पण प्रोसेसर ६० च उलगडून देतो. एन्कोडर निम्म्याहून अधिक वेळ रिकामा बसतो. इथे हार्डवेअर डीकोडिंग चालू केले की वेग दुपटीच्या पुढे जातो. आकडे नमुन्यादाखल आहेत, प्रमाण मात्र प्रत्यक्षात याच जातीचे असते.

निष्कर्ष सरळ आहे. एन्कोडिंग प्रोसेसरवर ठेवायचे असेल तर हार्डवेअर डीकोडिंगकडून फार आशा ठेवू नका. एन्कोडिंग कार्डावर असेल तर डीकोडिंगही तिथेच न्या.

आधी मोजा, मग खर्च करा

१. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये जीपीयू निवडा. तिथे ‘थ्रीडी’चा आलेख वेगळा आणि ‘व्हिडिओ डीकोड’, ‘व्हिडिओ एन्कोड’ यांचे वेगळे असतात. काही एएमडी कार्डांवर हे दोन्ही ‘व्हिडिओ कोडेक’ या एकाच नावाखाली दिसतात.

२. नेहमीचे एक्स्पोर्ट सुरू करून दोन मिनिटे पाहा. ‘व्हिडिओ डीकोड’ शून्यावर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर उलगडण्याचे काम प्रोसेसरच करतो आहे.

३. प्रोसेसर, डीकोड, एन्कोड या तिघांपैकी कोणीच भरलेले नसेल तर डिस्क पाहा. सेकंदाला १०० मेगाबिटची फोरके फाइल आठपट वेगाने उलगडायची तर डिस्कने सेकंदाला १०० मेगाबाइट सतत वाचून द्यावे लागतात. यूएसबीवरची साधी हार्ड डिस्क इथेच दमते, त्यातून वाचणे आणि लिहिणे एकाच डिस्कवर चालले असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी कार्डापेक्षा एसएसडी कामाला येते.

४. एफएफएमपेग हे आज्ञा लिहून चालवायचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आणखी नेमकी चाचणी करता येते. आउटपुटच्या जागी ‘नल’ देऊन फाइल नुसती डीकोड करून पाहावी, एकदा हार्डवेअरचा पर्याय लावून आणि एकदा न लावता. खालच्या ओळीत ‘स्पीड’ दिसतो. दोन्हींत फरक नसेल तर कार्ड ती फाइल घेतच नाही.

फाइलचे स्वरूप कार्डाला झेपते का

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. डीकोडरचे सर्किट काही ठरावीक स्वरूपेच ओळखते. फाइल त्याबाहेरची असेल तर सॉफ्टवेअर बहुधा काही न बोलता प्रोसेसरकडे वळते आणि वापरणाऱ्याला वाटते, कार्ड चालू आहे.

फाइलबद्दल तीन गोष्टी कळायला हव्यात: कोडेक, बिट-डेप्थ आणि रंगाचे नमुनाप्रमाण, म्हणजे ४:२:० की ४:२:२. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली की तिन्ही दिसतात.

मोबाइल, ड्रोन, साधे हँडीकॅम यांच्या फाइली बहुधा ४:२:० असतात. एच.२६४ आठ बिट असेल तर गेल्या दशकातले जवळजवळ कोणतेही कार्ड ती उलगडते. एच.२६५ दहा बिट असेल तर एनव्हिडियाचे जीटीएक्स १० मालिकेचे किंवा त्यानंतरचे कार्ड पुरते. एव्ही१ साठी एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका किंवा इंटेलची ११ वी पिढी लागते.

खरी मेख ४:२:२ दहा बिटमध्ये आहे. लग्नाच्या शूटिंगमध्ये आता सोनी, कॅनन आणि पॅनासोनिकचे मिररलेस कॅमेरे सर्रास चालतात आणि रंग नीट बसावेत म्हणून शूटिंगवाले हाच पर्याय निवडतात. त्यात पुन्हा दोन प्रकार आहेत:

- एच.२६५, ४:२:२, दहा बिट (सोनीच्या मेनूतले एक्सएव्हीसी एचएस): इंटेलचे ११ व्या पिढीपासूनचे अंगचे ग्राफिक्स आणि आर्क कार्डे ही फाइल उलगडतात. एनव्हिडियाची आरटीएक्स ४० पर्यंतची कार्डे उलगडत नाहीत, मग ते ४०९० का असेना. एएमडीचीही आरएक्स ७००० मालिकेपर्यंत नाहीत.
- एच.२६४, ४:२:२, दहा बिट (एक्सएव्हीसी एस आणि एस-आय, पॅनासोनिकचे बरेच मोड): इंटेलच्या ११ व्या ते १४ व्या पिढीलाही हे जमत नाही. एनव्हिडियाने ते २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आणले.

यातून एक गोष्ट निघते, जी दुकानदार सहसा सांगत नाही. महागड्या जुन्या कार्डाला न झेपणारी एच.२६५ ४:२:२ फाइल ११ व्या पिढीपासूनच्या स्वस्त इंटेल प्रोसेसरचे अंगचे ग्राफिक्स उलगडते. प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ अक्षर नसेल तर ते तुमच्या संगणकात आधीपासून असेल. वेगळे कार्ड बसवल्यावर बऱ्याच मदरबोर्डवर ते आपोआप बंद होते. बायॉसमध्ये ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशा नावाचा पर्याय चालू केला की परत येते. मग डीकोडिंग इंटेलवर आणि एन्कोडिंग एनव्हिडियावर अशी विभागणी प्रीमिअरसारखी सॉफ्टवेअर करतात. खर्च शून्य.

दुसरा मार्ग कॅमेऱ्यातच आहे. संगणक बदलणे शक्य नसेल तर शूटिंगवाल्याला आधीच सांगून एच.२६५ ४:२:० दहा बिटमध्ये शूट करून घ्या. लग्नाच्या कामात हा फरक पाहुण्यांच्या लक्षात येत नाही.

स्विच एक नाही, तीन

प्रीमिअर प्रोमध्ये घोटाळा ठरलेला असतो, कारण ‘जीपीयू’ हा शब्द तीन ठिकाणी येतो. प्रेफरन्सेसमधल्या ‘मीडिया’ विभागात हार्डवेअर डीकोडिंगचा पर्याय असतो. तो बदलल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे लागते. प्रोजेक्ट सेटिंगमधला ‘मर्क्युरी प्लेबॅक इंजिन’ इफेक्टसाठी आहे, डीकोडिंगशी त्याचा संबंध नाही. एक्स्पोर्टच्या खिडकीतला ‘हार्डवेअर एन्कोडिंग’ हा तिसरा. बिटरेटमध्ये ‘टू पास’ निवडला की तो बहुधा ‘सॉफ्टवेअर’वर जातो, आणि मग बाकी सगळे बरोबर असूनही रात्र जाते.

डाविंची रिझॉल्व्हमध्ये हा पर्याय प्रेफरन्सेसच्या ‘डीकोड ऑप्शन्स’मध्ये सापडतो. मोफत आवृत्तीत हार्डवेअरची मदत मर्यादित आहे, पूर्ण सोय विकतच्या ‘स्टुडिओ’त मिळते. लिनक्सवर तर मोफत आवृत्ती एच.२६४ फाइल उघडतच नाही. हँडब्रेकमध्ये एन्कोडर निवडणे वेगळे आणि डीकोडिंगला कार्ड वापरू देणे वेगळे. दुसरे प्रेफरन्सेसमधल्या ‘व्हिडिओ’ पानावर असते.

एफएफएमपेगमध्ये चूक होते ती क्रमाची. हार्डवेअर डीकोडिंगचा पर्याय इनपुट फाइलच्या आधी लिहायचा असतो, नंतर नव्हे. शिवाय उलगडलेली फ्रेम कार्डाच्या मेमरीतच राहावी यासाठी आउटपुट स्वरूपाचा वेगळा पर्याय द्यावा लागतो. तो विसरला तर प्रत्येक फ्रेम कार्डावरून मुख्य मेमरीत येते आणि एन्कोड होण्यासाठी परत कार्डावर जाते.

या येण्याजाण्याची किंमत

फोरकेची आठ बिट ४:२:० फ्रेम उलगडल्यावर सुमारे १२.४ मेगाबाइटची होते. सेकंदाला १०० फ्रेम निघत असतील तर १.२४ गिगाबाइट एका दिशेला, तेवढेच परत. दहा बिटमध्ये हा आकडा दुप्पट. नव्या मदरबोर्डला हे जड नाही, पण जुन्या लॅपटॉपवर किंवा कमी लेनच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या कार्डावर हार्डवेअर डीकोडिंगने काम उलट हळू होते.

फ्रेम मुख्य मेमरीत आणायला भाग पाडणारी कामेही ओळखून ठेवा. सबटायटल चित्रात भाजणे आणि अक्षरे लिहिणे हे एफएफएमपेगमध्ये प्रोसेसरवरच होते. आकार बदलणे, लोगो चढवणे, डीइंटरलेसिंग यांची कार्डावर चालणारी रूपे आहेत, ती वेगळ्या नावाने मागावी लागतात. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावले असेल तर वरचा सगळा हिशोब बाजूला राहतो. वेळ तिथेच जातो आणि डीकोडर कितीही वेगवान असला तरी वाट पाहत बसतो.

दर्जाची भीती कुठे खरी

हार्डवेअर डीकोडिंगने चित्र खराब होते, हा गैरसमज आहे. एच.२६४, एच.२६५ आणि एव्ही१ या मानकांत उलगडलेल्या फ्रेमचा प्रत्येक पिक्सेल काय असावा हे ठरलेले आहे. नीट फाइल प्रोसेसरने उलगडली काय आणि कार्डाने उलगडली काय, निकाल एकच. फरक पडतो तो फाइल खराब असेल तेव्हा: मेमरी कार्ड मध्येच काढलेले, रेकॉर्डिंग तुटलेले. सॉफ्टवेअर डीकोडर अशा ठिकाणी जास्त सावरून घेतो. हिरवे चौकोन दिसू लागले तर तेवढ्या फाइलीपुरते हार्डवेअर बंद करून पाहा.

एन्कोडिंगची भीती मात्र खरी आहे, आणि ती या पट्ट्यात लवकर दिसते. तळोजा, पनवेल, उरणकडच्या आगरी-कोळी हळदीचे फुटेज घ्या. रात्रीचा मंडप, मागे एलईडी भिंत, डीजेच्या तालावर बदलणारे शार्पी लाइट, धुराचे यंत्र आणि त्यात पिवळ्याधमक अंगांची गर्दी नाचते आहे. सलग दोन फ्रेममध्ये सारखे असे काही उरतच नाही, आणि व्हिडिओ दाबण्याची सगळी कला तर सारखेपणा शोधण्यावर चालते. अशा फुटेजवर कमी बिटरेटला हार्डवेअर एन्कोडर आधी हरतो: धुरात चौकोन उमटतात, पिवळ्या रंगाचे पट्टे पडतात. मंगलाष्टकांचे स्थिर फुटेज त्याच सेटिंगवर स्वच्छ निघते.

उपाय दोन. हळदीच्या भागाला बिटरेट सढळ द्या. पेन ड्राइव्हवर द्यायच्या फाइलीत जागेची एवढी काटकसर करायचे कारण नाही. किंवा पाच मिनिटांची हायलाइट सॉफ्टवेअर एन्कोडरवर सावकाश काढा आणि चार तासांची पूर्ण फिल्म कार्डावर. ज्या फाइलीकडे घरचे लोक पुन्हा पुन्हा पाहणार, तिलाच वेळ द्यावा.

एन्कोड न करणे हाही पर्याय

नुसते पुढचे-मागचे कापायचे असेल किंवा फाइलींचे तुकडे जोडायचे असतील तर एन्कोड करूच नका. एफएफएमपेगमध्ये ‘कॉपी’ निवडले की व्हिडिओ न उलगडता जसाच्या तसा नव्या फाइलीत जातो आणि तासाभराची फाइल मिनिटाच्या आत तयार होते. लॉसलेसकट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच माउसने करता येते. काप की-फ्रेमवरच, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच बसतो, त्यामुळे एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होतात.

भाड्याचा क्लाउड संगणक काहींना सुचवला जातो. ऐरोली-महाप्यात डेटा सेंटरे हाकेच्या अंतरावर असली तरी फुटेज जायचे ते इंटरनेटनेच. ३०० गिगाबाइट फुटेज सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवर चढवायलाच सहा तास चाळीस मिनिटे लागतात. तोवर घरचे काम उरकलेले असते.

सीसीटीव्हीच्या फाइलीबाबत सावधान

कारखान्याच्या डीव्हीआरमधले महिनाभराचे एच.२६५ फुटेज लहान करून ठेवणे हार्डवेअर डीकोडिंगचे उत्तम काम आहे, कारण तिथे उलगडणेच जास्त असते. पण अपघात, चोरी किंवा भांडणाचे फुटेज त्या रांगेत घालू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलीची हॅश किंमत, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा अंकी ठसा, नमूद करायची असते. पुन्हा एन्कोड केलेल्या फाइलीची हॅश मूळ फाइलीशी जुळणार नाही. मूळ फाइल डीव्हीआरमधून आहे तशी काढून वेगळ्या डिस्कवर ठेवा; पाहण्यासाठी हवी तर तिची प्रत एन्कोड करा.

कार्ड घ्यायचेच असेल तर

बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, तळोज्यातून लोकल गाठणे सोपे झाले आहे, आणि सुट्या भागांसाठी अजूनही अनेक जण लॅमिंग्टन रोडच गाठतात. जाण्यापूर्वी हे ध्यानात ठेवा:

- जीटी १०३० वर डीकोडर आहे, एन्कोडर नाही. लॅपटॉपमधल्या एमएक्स मालिकेचेही बहुधा तसेच.
- रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० या २०२२ च्या कार्डांत एन्कोडर नाही आणि एव्ही१ डीकोडरही नाही.
- मूळ जीटीएक्स १६५० मध्ये एन्कोडर मागच्या पिढीचा आहे. १६५० सुपरमध्ये नवा.
- एकाच पिढीतल्या स्वस्त आणि महाग कार्डाचे डीकोडर बहुधा सारखेच असतात. नुसत्या डीकोडिंगसाठी वरचे मॉडेल घेणे म्हणजे पैसे फुकट.
- जीफोर्स कार्डावर एकाच वेळी किती एन्कोड चालतील यावर ड्रायव्हरचे बंधन असते. पूर्वी ते दोन-तीनच होते, २०२३ मध्ये पाच आणि नंतर आठ झाले. जुना ड्रायव्हर असेल तर आधी तो बदला.

जुने कार्ड घेताना ते दुकानातच लावून जीपीयू-झेड चालवा. आतली चिप जुनीच ठेवून नाव मात्र नवे दाखवणारी बनावट कार्डे बाजारात येतात. हे सॉफ्टवेअर त्यांतली बरीचशी पकडते. इथेरियमचे मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबल्यावर विकायला निघालेली कार्डेही अजून फिरत आहेत. त्यांचे पंखे आणि थर्मल पेस्ट पाहूनच घ्या. तळोज्यात धूळ काही कमी नाही. कार्ड तापू लागले की आधी पंखे आणि कॅबिनेटची जाळी साफ करा, मग बाकीचा विचार.

बिल जीएसटीचे आणि त्यावर सीरियल नंबर लिहिलेला असे मागून घ्या. बाहेरून परस्पर आणलेल्या कार्डाला इथे वॉरंटी मिळेलच असे नाही. ऑनलाइन घेतलेले कार्ड सदोष निघाले किंवा जाहिरातीत सांगितलेली सोय त्यात नसली तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेता ते परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. म्हणून उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा.

दाद लागत नसेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ‘धंद्यासाठी घेतले, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असे उत्तर मिक्सिंगवाल्यांना हमखास ऐकावे लागते. ते अर्धेच खरे आहे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूची खरेदी वगळली असली, तरी केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते आणि ती स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तळोजा नवी मुंबईत मोजले जात असले तरी जिल्हा रायगड आहे. त्यामुळे आयोग ठाण्याचा नव्हे, अलिबागचा, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरूनही दाखल करता येते.